बेटाचा पंतप्रधान : मॉरिशसच्या अनुभवातून



3 ऑक्टोबर 2024 रोजी मॉरिशसचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी ब्रिटनच्या पंतप्रधानांसोबत एक संयुक्त निवेदन काढले. हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहावरचे मॉरिशसचे सार्वभौमत्व ब्रिटन मान्य करणार होते. जवळजवळ साठ वर्षांची मागणी पुरी होण्याच्या मार्गाला लागली होती. कोणत्याही नेत्याच्या कारकिर्दीतला हा सोन्याचा दिवस. पुढे पाच आठवडे गेले आणि 10 नोव्हेंबरला निवडणूक झाली. मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधी आघाडीने जिंकल्या. जगन्नाथांचा पक्ष तर हरलाच. ते स्वतः आपल्या मतदारसंघात पडले.

एवढे मोठे यश पदरात असलेल्या माणसाला त्याच्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांनी घरी का बसवले? बेटावरच्या संसदीय राज्यपद्धतीत पंतप्रधान नेमका कोण असतो? सर्वांत बलवान माणूस, की सर्वांत उघड्यावर उभा असलेला माणूस? आजचे व्याख्यान या प्रश्नांभोवती फिरणार आहे.

आधी आकारमान डोळ्यांसमोर ठेवू. मॉरिशस प्रजासत्ताकाची सगळी जमीन मिळून सुमारे 2,040 चौरस किलोमीटर. आपल्या गोव्याची 3,702. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. सकाळी उत्तर टोकाहून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला दक्षिण किनाऱ्यावर आरामात पोहोचतो. पण या एवढ्याशा देशाच्या हक्काचा सागरी प्रदेश सुमारे 23 लाख चौरस किलोमीटर आहे. म्हणजे पंतप्रधानाची वस्ती लहान आणि अंगण अफाट. या दोन मापांमधली ओढाताण ध्यानात ठेवली, तर पुढची बरीच कोडी सुटतात.

या बेटाशी आपले नातेही आहे. 1834पासून भारतातून कंत्राटी मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले. बहुसंख्य बिहार आणि आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातले, पण मुंबई बंदरातून गेलेल्यांमध्ये कोकणातली माणसेही होती. त्यांचे वंशज आज तिथे मराठी समाज म्हणून ओळखले जातात, तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते. तेव्हा हा परका विषय नव्हे.

आता पदाकडे येऊ. मॉरिशस 12 मार्च 1968 रोजी स्वतंत्र झाला आणि 12 मार्च 1992 रोजी प्रजासत्ताक. राज्यघटना ब्रिटिश वळणाची. तिच्यात पंतप्रधानाच्या नेमणुकीचा नियम थोडक्यात आहे : सभागृहातल्या बहुसंख्य सदस्यांचा पाठिंबा ज्याला मिळू शकेल असे राष्ट्रपतीला वाटते, त्याला नेमावे. तो सर्वांत मोठ्या पक्षाचाच असावा, असे घटना म्हणत नाही. मतदारांनी त्याचे नाव घेऊन मत दिले असावे, असेही म्हणत नाही. पाठिंबा आहे, तर पद आहे.

हा नियम वाचायला सोपा आणि पचवायला अवघड. 1976 साली पॉल बेरांजे यांच्या एमएमएम पक्षाला 70पैकी 34 जागा मिळाल्या. तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांच्या आघाडीला 28 आणि पीएमएसडी या पक्षाला 8. अठ्ठावीस आणि आठ मिळून छत्तीस. रामगुलाम पंतप्रधान राहिले आणि 34 जागांचा पक्ष विरोधी बाकांवर बसला. घटनेच्या दृष्टीने यात काही चुकले नव्हते.

2003 साली दोन नेत्यांनी निवडणुकीआधीच ठरवल्याप्रमाणे मुदत वाटून घेतली. तोवर पंतप्रधान असलेले अनिरुद्ध जगन्नाथ राष्ट्रपती झाले आणि पॉल बेरांजे पंतप्रधान. बेरांजे फ्रेंच वंशाचे. या पदावर बसलेले पहिले बिगर-हिंदू गृहस्थ. हा करार जाहीर होता, मतदारांनी तो माहीत असताना मते दिली होती.

2017 साली मात्र तसे नव्हते. जानेवारीत अनिरुद्ध जगन्नाथ यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला आणि त्यांचे चिरंजीव प्रविंद पंतप्रधान झाले. निवडणूक नाही, मतदारांना विचारणा नाही. वडील ‘मिनिस्टर मेंटॉर’ या नव्या पदाने मंत्रिमंडळातच राहिले. घटनेच्या शब्दाला धक्का लागला नाही. बहुमत मुलाच्या मागे होतेच. पण लोकांना ते आवडले का? विरोधकांनी रान उठवले, तरीही 2019ची निवडणूक प्रविंद यांनी जिंकली. म्हणजे उत्तर एकसुरी नाही.

इथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. 1968पासून आजवर मॉरिशसला पंतप्रधान किती मिळाले? पाच. शिवसागर रामगुलाम, अनिरुद्ध जगन्नाथ, नवीन रामगुलाम, पॉल बेरांजे, प्रविंद जगन्नाथ. त्यांतले चार दोन घराण्यांतले. अर्ध्या शतकाहून अधिक काळ एका देशाची सूत्रे दोन आडनावांत फिरत राहावीत, हे लोकशाहीचे दुखणे आहे. आपल्याकडच्या श्रोत्यांना हे दुखणे समजावून सांगावे लागत नाही.

आता दुसरा मुद्दा : पंतप्रधान आणि राष्ट्रपती. कागदावर कार्यकारी सत्ता राष्ट्रपतीची. पण त्या राष्ट्रपतीला निवडते कोण? नॅशनल असेंब्ली, आणि तेही पंतप्रधानाने मांडलेल्या ठरावावर. ज्याने नाव सुचवले, त्याच्याच सल्ल्याने पुढे वागायचे. मग राष्ट्रपतीच्या हाती उरते काय?

2002 साली या प्रश्नाचे उत्तर मिळाले. सरकारने दहशतवादविरोधी विधेयक संमत केले. राष्ट्रपती कासम उतीम यांना त्यातली कलमे नागरिकांच्या स्वातंत्र्याला घातक वाटली. घटनेप्रमाणे राष्ट्रपती विधेयक एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतो. सभागृहाने ते पुन्हा संमत केले की सही करणे बंधनकारक. उतीम यांनी सही केली नाही. त्यांनी राजीनामा दिला. हंगामी जबाबदारी उपराष्ट्रपती अंगिदी चेट्टियार यांच्याकडे आली. त्यांनीही सही केली नाही, तेही पायउतार झाले. मग सरन्यायाधीशांनी हंगामी राष्ट्रपती म्हणून सही केली आणि कायदा झाला.

काय घडले पाहा. पंतप्रधानाची इच्छा अखेर पुरी झाली. पण दोन माणसांनी पद सोडून देशाला सांगितले की या कायद्यात काहीतरी खुपणारे आहे. राष्ट्रपतीला अडवता येत नाही. उठून जाता येते. हे अधिकार तुटपुंजे म्हणायचे का? कायद्याच्या भाषेत तुटपुंजेच. पण लहान बेटावर, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे राष्ट्रपतिभवनातून एक माणूस स्वतःहून बाहेर पडतो, ही गोष्ट घराघरात पोहोचते.

उलटे उदाहरणही आहे. 2018 साली राष्ट्रपती अमीना गुरीब-फकीम यांच्यावर एका संस्थेच्या क्रेडिट कार्डावरून वैयक्तिक खरेदी केल्याचा आरोप झाला. त्यांनी मंत्रिमंडळाचा सल्ला न घेता स्वतःच चौकशी आयोग नेमण्याचा प्रयत्न केला. तो अधिकार त्यांचा नव्हता. आयोग टिकला नाही आणि त्यांना पद सोडावे लागले. उतीम यांनी मर्यादा ओळखून पद सोडले. इथे मर्यादा ओलांडल्यावर सोडावे लागले.

त्याआधी एका पंतप्रधानाला वाटले होते, ही मर्यादाच बदलावी. 2014 साली नवीन रामगुलाम यांनी जुने प्रतिस्पर्धी बेरांजे यांच्याशी युती केली. योजना अशी की राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा, त्याला खरे अधिकार द्यावेत. रामगुलाम राष्ट्रपती आणि बेरांजे पंतप्रधान. त्याला ‘दुसरे प्रजासत्ताक’ म्हटले गेले. देशातले दोन मोठे पक्ष एकत्र, म्हणजे विजय हातचा मळ वाटावा अशी बेरीज. डिसेंबर 2014मध्ये मतदारांनी ही बेरीज फेटाळली. अनिरुद्ध जगन्नाथ यांची आघाडी 62पैकी 47 जागा घेऊन आली आणि नवीन रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघात हरले. पराभवाला इतरही कारणे होती. पण एक मात्र झाले : सत्ता सभागृहाला उत्तर देणाऱ्या पंतप्रधानाकडून काढून सात वर्षांसाठी निवडलेल्या राष्ट्रपतीकडे नेण्याचा बेत तिथेच थांबला. हा कौल शहाणपणाचा होता. सभागृहात उभे राहून ज्याला प्रश्नांना तोंड द्यावे लागते, त्याच्याच हातात कारभार असावा.

श्रोतेहो, आता या पदाच्या गाभ्याकडे येऊ : बहुमत.

मॉरिशसमध्ये 20 मतदारसंघ आहेत, प्रत्येकात तीन जागा आणि मतदाराला तीन मते. रॉड्रिग्स बेटाला दोन जागा. या पद्धतीत वारे एका बाजूने वाहू लागले की पूर येतो. 1982 साली आला, 1995 साली आला, 2024 साली आला. तिन्ही वेळा मुख्य बेटावर साठ विरुद्ध शून्य. 2024 साली विजयी आघाडीला साधारण साठ टक्के मते होती. जागा शंभर टक्के. ज्या चाळीस टक्के लोकांनी इतरांना मते दिली, त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

इथे एक तरतूद कामी येते. ‘बेस्ट लूझर’, म्हणजे हरलेल्यांत सर्वाधिक मते मिळवणारे. जास्तीत जास्त आठ जागा अशा उमेदवारांना दिल्या जातात, सभागृहात समाजघटकांचा समतोल राहावा म्हणून. घटनेने घटक चार मानले : हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेले सर्व. मराठी, तमिळ, तेलुगू ही माणसे यात हिंदू या एकाच रकान्यात येतात. शिवाय हिशेब अजून 1972च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतर जनगणनेत समाजघटक विचारणे बंद झाले. माणसाला जन्मावरून रकान्यात बसवणारी ही पद्धत सदोष आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही 2012 साली तिच्यावर बोट ठेवले. पण 60-0च्या निकालानंतर सभागृहात विरोधाचा आवाज उरतो तो मुख्यतः याच वाटेने. 2024नंतरचे विरोधी पक्षनेते जो लेजोंगार निवडणूक हरले होते. बेस्ट लूझर म्हणून ते सभागृहात आले आणि पंतप्रधानाला प्रश्न विचारण्यासाठी उभे राहिले.

विरोधी पक्षनेता हे मॉरिशसमध्ये घटनेने निर्माण केलेले पद आहे. अनेक महत्त्वाच्या नेमणुकांपूर्वी त्याचा सल्ला घ्यावा लागतो. असेंब्लीची बैठक प्रायः मंगळवारी भरते. विरोधी पक्षनेता सुरुवातीलाच तातडीचा प्रश्न टाकतो आणि पंतप्रधानाच्या उत्तरांसाठी वेळ राखून ठेवलेला असतो. 2017पासून हे सारे थेट प्रक्षेपित होते. साठ सदस्य मागे असले, तरी उत्तर देताना माणूस एकटाच उभा असतो.

तरीही पंतप्रधानाच्या हातातली ताकद कमी लेखू नये. घटना त्याला स्वतःखेरीज चोवीस मंत्री आणि महान्यायवादी नेमू देते. सभागृह जास्तीत जास्त सत्तर जणांचे. म्हणजे सत्ताधारी बाकांवरचा मोठा हिस्सा मंत्रीच असतो. सरकारला मागच्या बाकांवरून जाब विचारणारे उरतात थोडे. देशाला स्वतंत्र लष्कर नाही. पोलीस दल, त्यातले विशेष पथक, तटरक्षक दल हे सारे गृह आणि संरक्षण खात्यांत येते आणि ती खाती परंपरेने पंतप्रधान स्वतःकडे ठेवतो. सभागृह केव्हा विसर्जित करायचे, निवडणूक केव्हा घ्यायची, हेही त्याच्याच सल्ल्यावर.

या ताकदीचा गैरवापर झाला आहे का? झाला आहे. 1971 साली संप आणि अशांततेच्या काळात आणीबाणी लादली गेली. विरोधी नेत्यांना तुरुंगात टाकले, वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप आली आणि 1972मध्ये अपेक्षित असलेली निवडणूक 1976पर्यंत लांबली. हे घडले शिवसागर रामगुलाम यांच्या काळात, ज्यांना लोक प्रेमाने ‘चाचा’ म्हणत, ज्यांनी माध्यमिक शिक्षण मोफत केले, ज्यांना राष्ट्रपिता मानले जाते. चांगल्या माणसाच्या हातूनही हे घडते. त्या वेळी तुरुंगात गेलेल्यांमध्ये पॉल बेरांजे होते. तेच पुढे पंतप्रधान झाले. आज सभागृहाची पाच वर्षांची मर्यादाच बदलायची, तर घटनेने अट घातली आहे : सार्वमतात तीन चतुर्थांश मतदारांची संमती आणि सभागृहाचे एकमत.

दुसरे उदाहरण ताजे आहे. ऑक्टोबर 2024मध्ये राजकारणी, पत्रकार, वकील, पोलीस अधिकारी यांच्या फोन संभाषणांच्या ध्वनिफिती समाजमाध्यमांवर एकामागून एक येऊ लागल्या. टाकणारा ‘मिसी मुस्तास’ या टोपणनावाने वावरत होता. अर्थ साधासा, मिशीवाले साहेब. निवडणूक तोंडावर आली असताना सरकारने मतदानाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत समाजमाध्यमे बंद करण्याचा आदेश काढला. इतका गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी बंदी मागे घ्यावी लागली.

आता सुरुवातीचा प्रश्न आठवा. चागोसचे यश हाती असलेला पंतप्रधान का पडला? महागाई होती, घराणेशाहीचा राग होता. पण आपल्या शेजारच्या माणसाचा फोन कोणीतरी ऐकत होते, ही कल्पना लहान बेटावर फार जवळून बोचते. मोठ्या देशात पाळत ठेवली जाते ती कोणा दूरच्या माणसावर. इथे त्या ध्वनिफितींतले आवाज लोकांना ओळखता येत होते.

आणि पंतप्रधानाचा असा पराभव पहिल्यांदा घडला नाही. 1982मध्ये शिवसागर रामगुलाम, 1995मध्ये अनिरुद्ध जगन्नाथ, 2014मध्ये नवीन रामगुलाम, 2024मध्ये प्रविंद जगन्नाथ : चार वेळा पदावर असलेला पंतप्रधान आपल्याच मतदारसंघात हरला. चारही वेळा सत्तांतर शांततेत झाले. मॉरिशसच्या लोकशाहीची नाडी कुठे पाहायची असेल, तर या चार पराभवांत पाहावी.

लोकांचा हा वचक पैशाच्या निर्णयांतही दिसतो; त्याबद्दल थोडेच. 1950च्या दशकापासून या देशात प्रत्येक वृद्धाला सरकारी पेन्शन मिळते. 2004 साली सरकारने तिला उत्पन्नाची अट लावली. 2005ला सरकार गेले आणि नव्या सरकारने अट काढली. जून 2025मध्ये, 2024च्या निकालाने पुन्हा सत्तेवर आलेल्या नवीन रामगुलाम यांनी, पंतप्रधान आणि अर्थमंत्री या दुहेरी नात्याने, पेन्शनचे वय टप्प्याटप्प्याने साठवरून पासष्टवर नेण्याची घोषणा केली. वर्ष न झालेल्या, साठ जागांच्या सरकारविरुद्ध लोक रस्त्यावर आले.

शेवटचा मुद्दा सर्वांत जड आहे. पंतप्रधान घरात कसा वागतो हे पाहिले. आता तो बेटाबाहेर कोणाच्या वतीने बोलतो, ते पाहू.

सप्टेंबर 1965. लंडनच्या लँकेस्टर हाऊसमध्ये मॉरिशसच्या भवितव्याची परिषद चालू होती. शिवसागर रामगुलाम तेव्हा वसाहतीचे प्रीमियर होते. 23 सप्टेंबरच्या सकाळी ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन त्यांना स्वतंत्रपणे भेटले. अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता आणि त्यासाठी चागोस बेटे मॉरिशसपासून तोडायची होती. स्वातंत्र्याची आशाही दाखवायची आणि ते न मिळण्याची भीतीही घालायची, असा सल्ला विल्सन यांना त्यांच्या अधिकाऱ्यांनी लेखी दिला होता. दुपारच्या बैठकीत मॉरिशसच्या नेत्यांची तत्त्वतः संमती नोंदवली गेली. 8 नोव्हेंबर 1965 रोजी चागोस वेगळे काढले गेले. मोबदला तीस लाख पौंड. 1968 ते 1973 या काळात तिथल्या दीड हजारांच्या आसपास माणसांना बेटांवरून हलवण्यात आले. त्यांना कोणी विचारले नव्हते.

रामगुलाम यांच्यापुढे पर्याय होता का? वसाहतीच्या नेत्याला साम्राज्याच्या पंतप्रधानासमोर बसवून ‘निवड’ करायला सांगणे हीच जबरदस्ती होती. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 25 फेब्रुवारी 2019 रोजी तेच सांगितले : ती तोडणी लोकांच्या मुक्त आणि खऱ्या इच्छेवर आधारलेली नव्हती. त्या सुनावणीत मॉरिशसची बाजू मांडायला उभे राहिलेल्यांत अनिरुद्ध जगन्नाथ होते. 1965च्या परिषदेत ते तरुण प्रतिनिधी म्हणून हजर होते. त्रेपन्न वर्षांनी तोच माणूस, मधल्या काळात अनेकदा पंतप्रधान आणि राष्ट्रपतीही होऊन, जगाच्या न्यायालयात साक्षीदारासारखा उभा राहिला.

पंतप्रधान बदलले, पक्ष बदलले, घराणी एकमेकांशी भांडली. चागोसचा दावा मात्र प्रत्येक पंतप्रधानाने पुढच्याच्या हाती दिला. या पदाच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे काम आहे.

22 मे 2025 रोजी करारावर सह्या झाल्या. मॉरिशसच्या वतीने सही करणारे होते नवीन रामगुलाम, शिवसागर रामगुलाम यांचे पुत्र. सार्वभौमत्व मॉरिशसचे, दिएगो गार्सिया हे सर्वांत मोठे बेट लष्करी तळासाठी 99 वर्षे ब्रिटनच्या ताब्यात. वडिलांच्या संमतीने जे गेले, त्यावर मुलाने पुन्हा हक्क लिहून घेतला, हे मॉरिशसला अभिमानाचे आहे.

पण हाकलून दिलेल्या माणसांपैकी अनेकांनी तेव्हाही हेच म्हटले की आम्हाला पुन्हा विचारले नाही. ही तक्रार खरी आहे. साठ जागांच्या बळावर बोलणाऱ्या पंतप्रधानाने ती इतर कोणाहीपेक्षा आधी ऐकायला हवी होती, कारण या लोकांना कोणत्याही मतदारसंघात साठातली एक जागाही नाही. करारानुसार मॉरिशसला चागोसच्या इतर बेटांवर लोकांना पुन्हा वसवता येईल. दिएगो गार्सियावर जन्मलेल्या म्हाताऱ्यांना मात्र तिथे राहायला परत जाता येणार नाही.